कमळीच्या हाताची हळद

रीमा माणसं पारखायची ती कपड्यांवरून. समोरचा बोलायला लागला, की हिची नजर आधी त्याच्या कॉलरवर, मग बगलेत, मग खिशाखाली. एक डाग दिसला की माणूस निकालात. लग्नाआधी चार वर्षं ती कल्याणला एका लाँड्रीच्या काउंटरवर बसली होती. तेवढ्यात तिची खात्री पटली होती, की जगात माणसं दोनच प्रकारची. डाग पाडणारी आणि आपण.

आणि येऊन पडली कुठं, तर भिवंडीत, नारपोलीत, लूम म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्या सागर नावाच्या फिटरच्या घरी. त्याच्या शर्टावर तेल नाही अशी जागा शोधावी लागायची. रीमा तेलावर टाल्कम पावडर थापायची, तेल शोषलं की भांड्याचा साबण लावून ब्रश मारायची. पेनाच्या शाईला स्पिरिट, गंजाला लिंबू-मीठ, रक्ताला फक्त थंड पाणी. शेजारणी विचारायला यायच्या. ती सांगायचीही, पण अशा तोऱ्यात, की विचारणारीला आपल्याच तोंडावर डाग असल्यासारखं व्हावं. “रक्ताच्या डागावर गरम पाणी ओतलंत? धन्य आहे तुमची.” हात मात्र गुणी होता तिचा, ते नाकारून चालायचं नाही.

या घरात एकच डाग होता ज्याला तिला हात लावू देत नसत.

सागरचं हे दुसरं लग्न. पहिली कमळी, खारबावकडची, तीन वर्षांपूर्वी तापानं गेली. सवाष्ण गेली म्हणून तिची हळदीची पांढरी साडी सासूनं, बायजाबाईनं, पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. हळदीच्या दिवशी कमळीनं भरलेला हात साडीला पुसला होता आणि निऱ्यांवर पंजाचा पिवळाधमक ठसा उठला होता. करंगळी अर्धीच, लहानपणी विळीवर गेलेली. घरात शुभकार्य निघालं की ती साडी पाटावर मांडायची, ठशाला हळदकुंकू लावायचं, पानही आधी तिचं वाढायचं. नवी बायको मागून. ही तिथली रीत.

रीमाला रीतीचं काही नव्हतं. तिला लाज वाटायची ती त्या डागाची.

रविवारी तिचं डोहाळजेवण होतं. सातवा लागला होता. माहेरची माणसं येणार, आणि त्यांच्यासमोर या लोकांनी ते पिवळं फडकं पाटावर मांडून त्याला ओवाळायचं? आणि आपलं पोट एवढं पुढं आलेलं असताना मान कुणाला, तर फडक्याला? या घरची बाई कोण, हे एकदा ठरायलाच हवं होतं. लाँड्रीवाली शेवटी, तिला ते ठरवायचा एकच मार्ग माहीत होता.

शुक्रवारी दुपारी सागर मानकोलीला गेला. बायजाबाई जेवून आडवी झाली. शुक्रवारी नारपोलीत लूम बंद असतात. एरवी खटाखट इतकी, की शेजारी बोललेलं ऐकू येत नाही. त्या दिवशी मात्र भिंतीवरली पाल चुकचुकली तरी कळत होतं. रीमानं पेटी उघडली, साडी काढली आणि मोरीत बसली.

साडी उलगडताच वास आला… ओल्या, नुकत्याच वाटलेल्या हळदीचा. तीन वर्षांच्या जुन्या डागाला वास कसला? रीमानं नाक मुरडलं. पाणी ओतून साबण लावला. हळदीवर साबण पडला की ती लाल होते, हे कुठल्याही बाईला माहीत असतं. पण हा ठसा जरा जास्तच लाल झाला. रीमा घासत राहिली. “बघू तरी,” ती दात आवळून म्हणाली, “किती चिकट आहेस ते.”

मग साडी गच्चीत वाळत घातली. हळदीला खरं औषध ऊनच. रीमा टाकीच्या सावलीत बसून बघत राहिली. वारा नव्हता, खाली रस्त्यावर माणूस नव्हतं. ठसा मनगटाकडून फिकट होत गेला, मग तळवा, मग एकेक बोट. करंगळीचं ते अर्धं पेर बराच वेळ तसंच राहिलं. रीमानं उठून त्यावर बोट टेकवलं. एवढ्या उन्हात तापलेली साडी, आणि तेवढीच जागा मात्र गारेगार.

तिनं हात मागं घेतला. परत पाहिलं, तर डाग गेला होता.

रविवारी बायका जमल्या. बायजाबाईनं पाट मांडला, पेटीतून साडी काढून उलगडली. एक निरी पाहिली, दुसरी पाहिली. सगळी साडी पालथी घातली.

“तू धुतलीस, बाय?” ती हळूच म्हणाली.

“एका डागाला किती दिवस ओवाळणार होतात,” रीमा म्हणाली. “आता बघा, नवी वाटते.”

म्हातारी चिडली असती तर रीमाला बरं वाटलं असतं. पण ती खाली बसली.

“त्या डागावर बसायची ती… लेकराची लय हौस होती तिला. मरतानाबी तेच बोलत व्हती.” तिनं रीमाच्या पोटाकडं पाहिलं. “आता जागा न्हाय तिला. कुठं बसल…”

रीमा हसली. अडाणी माणसांना हसायचं तसं, नाकातून. हिरव्या साडीत ती ऐटीत पाटावर बसली, आणि त्या दिवशी पहिलं पान तिलाच वाढलं गेलं.

संध्याकाळी साडी सोडताना तिला निऱ्यांच्या वर पिवळं दिसलं. कुणा शेजारणीचे घाणेरडे हात, दुसरं काय. तिनं तिथल्या तिथं धुऊन टाकलं. सोमवारी गाऊनवर दिसलं, तेही धुतलं. बुधवारी तिनं गाऊन वर केला, तेव्हा ते कापडावर नव्हतंच. बेंबीच्या डाव्या बाजूला, पोटाच्या ताणलेल्या कातडीवर पंजा होता. कुणीतरी कौतुकानं हात ठेवावा तसा. चार बोटं पुरी, करंगळी अर्धी.

साबण, लिंबू, बेसन, सगळं झालं. डॉक्टरीणबाईंनी त्वचेचं काहीतरी नाव सांगून मलम दिलं. बाळ आतून लाथ मारायचं ते नेमकं त्या पंजाखाली, दुसरीकडं कुठंच नाही. घरातल्या दोघांपलीकडं रीमानं कुणाला सांगितलं नाही. जन्मभर दुसऱ्यांचे डाग दाखवत हिंडलेल्या बाईनं आपला कोणत्या तोंडानं दाखवायचा? नऊ महिने भरले, मुलगी झाली, धडधाकट. आणि दुसऱ्या दिवशी पोट कोरं.

“गेला,” रीमा सागरला म्हणाली. घाबरून गेलेल्या त्या दोघांची तिला कीव आली. “तुझ्या आईला सांग, गेला म्हणावं.”

बायजाबाईनं बाळाला मांडीवर घेऊन फक्त त्याच्या तोंडाचा वास घेतला.

आता मुलगी दोन महिन्यांची आहे. बाळसं धरलंय, रडत नाही, हाक मारली तर रीमाकडं बघत नाही. रीमाची छाती दुधानं तटते, दुखते, ब्लाउज भिजतो. ती मुलीला जवळ घेते, पण पोर तोंड फिरवते. तिचं पोट भरलेलं असतं. डॉक्टरीणबाई म्हणतात वजन उत्तम आहे, आईचं दूध मानवलंय.

काल भर दुपारी रीमा भांडी घासून आत आली. पाळणा हलता हलता थांबत होता. मुलगी ओठ चाटत होती. हनुवटीवर दुधाचा ताजा थेंब होता, किंचित पिवळसर.

रीमानं सवयीनं पदर पुढं नेला. तो थेंब पुसायला तिचा हात काही धजला नाही.