बुडबुड्याची काच

त्या दुपारी मी नेहमीसारखी काचा निवडत बसले होते. निजामाचा अंमल, त्यात लढाई. बाहेरून कंदिलाच्या काचा यायच्या बंद झाल्या, तेव्हा मालक हिंमतरावांनी परंड्याबाहेर भट्टी घातली होती. एकेक काच उन्हात धरायची, बुडबुडा दिसला की बाजूला टाकायची. बुडबुड्याची काच कंदिलावर तडकते.

माझे धनी तिथंच काच फुंकायचे. छाती पार पोखरली, तरी या मालकानं सुट्टी दिली नाही. फुंकणी तोंडाला असतानाच ते गेले. बायकांनी माझ्या बांगड्या फोडल्या, तर मालकानं ते तुकडे झाडून नेले आणि भट्टीत टाकले. काचेचा चुरा घातला की भट्टीतल्या वाळूचा रस लवकर होतो, वाया कशाला घालवायचा! मेल्या माणसाच्या नावानं फोडलेली काच ती... पण त्याला काय त्याचं.

तेव्हापासून एक काच धड निघेना. भट्टीवाल्या वीरप्पानं रसात ओलं लाकूड बुडवलं. त्याच्या वाफेबरोबर बुडबुडे वर येऊन फुटतात. पण हे बुडबुडे हटले नाहीत. उलट एखादी काच फुटली की कोणी खोकल्यासारखा आवाज यायचा. फुंकणारे एकेक करून पळाले.

"नीलम्मा, तुज्या मेल्या नवऱ्याचा, सिद्धलिंगाचाच फेरा हाय ह्यो," मालक त्या दुपारी येऊन म्हणाला. "आज काच साफ न्हाय निघाली, तर म्या दिल्याली ऱ्हायची खोली खाली करायची."

"कुठं जाऊ म्या, मालक?"

"ते मला काय ठावं?"

माहेर उरलं नव्हतं. 

फुंकायला कोणी नव्हतं. मालकानं माझ्या धन्यांचीच फुंकणी उचलली, टोकाला रस घेतला, तोंडाला लावली. त्यानं अजून गालही फुगवले नव्हते... आणि टोकाचा गोळा फुगू लागला.

"मालक, सोडा ती..." वीरप्पा पुटपुटला.

मालकाचे ओठ फुंकणीवरून सुटत नव्हते. गोळा वाढत होता, त्याची छाती आत जात होती. मी उठले नाही, उठणारही नव्हते. मग तो आडवा झाला, तो पुन्हा उठला नाही.

वीरप्पानं गोळ्याचं तोंड चिमट्यानं बंद करून तो फुंकणीवरून तोडला. काच साफ निघाली होती. एकही बुडबुडा नाही. मालकाच्या पोरांनी मला खोलीतून काढायचं नाव काढलं नाही.

तो बंद गोळा माझ्याकडंच आहे. त्याला आतून वाफ धरते, विरते, पुन्हा धरते. वीरप्पा म्हणतो, फोडून टाक. कितीदा दगड हातात घेतला. आत मालकाचा श्वास असेल, तर आत्ता फोडीन. पण... माझ्या धन्यांचा असला तर?