घरून गेलेला नकार

“तो फोन तूच घेतला होतास ना, आई?”

आईच्या हातातली ओली चादर तशीच बादलीत पडली. तिने पाठ फिरवली... आणि त्यातच लेकीला उत्तर मिळालं!

गुन्हेगारीशास्त्राच्या पदवीला ती वर्गात पहिली आली होती. आणि गेली सहा वर्षं एका मोठ्या दुकानाच्या तळघरात, कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर बसून साबणाच्या वड्या लंपास करणाऱ्यांवर नजर ठेवत होती. ‘एवढं शिकून पकडलं काय, तर साबणचोर!’ अशी शेजारीपाजारी थट्टा करत, आणि तीही हसण्यावारी नेई. सहा वर्षांपूर्वी सुधारगृहातल्या नोकरीसाठी दिलेल्या मुलाखतीत आपणच कुठेतरी कमी पडलो, अशी तिने मनाची समजूत घातली होती. आज धीर करून त्याच कचेरीत ती पुन्हा अर्ज द्यायला गेली, तर अधीक्षकबाई जुनी फाईल चाळत म्हणाल्या, “अहो, तेव्हा तुमची निवड झाली होती! कळवायला फोन केला, तर तुमच्या घरूनच नकार आला...”

“तुझे बाबा अंथरुणाला खिळलेले गं,” आईला हुंदका आवरेना. “कुशीवर वळवायलासुद्धा मला एकटीला झेपत नव्हते. त्यात नोकरी परगावची... मी घाबरले!”

“मग मला सांगायचंस! मी आपणहून राहिले असते, आई! तो त्यागसुद्धा तू मला माझा म्हणून करू दिला नाहीस... आणि मी वेडी, सहा वर्षं दुसऱ्यांच्या चोऱ्या बघत बसले!”

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. लेकीने जीव ओतून केलेल्या त्यांच्या शुश्रूषेवरही आज असत्याची काळी छाया पडली!

चार दिवस मायलेकी एका घरात परक्यासारख्या वावरल्या. पाचव्या दिवशी आईने चपला पायात सरकवल्या. “मला त्या कचेरीत ने.”

अधीक्षकबाईंपुढे तिने हात जोडले. “खोटं मी बोलले, बाई. त्याची शिक्षा हिला नको!”

“वयाची मर्यादा उलटली, कायमची जागा आता मिळायची नाही,” बाई हळुवारपणे म्हणाल्या. “पण तुरुंगातून सुटलेल्या बायकांना घरच्यांनी पुन्हा आपलं म्हणावं, म्हणून त्यांचं मन वळवणारं कुणी हवंय. कंत्राटी काम आहे. कराल?”

“करेन,” लेक म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

परतताना जिन्याच्या तोंडाशी आई थबकली. “मला माफ केलंस का गं?”

“नाही... अजून नाही!”

दोन पायऱ्या उतरून लेक मागे वळली.

“पण पायऱ्या उंच आहेत. हात दे.”