गोकर्णाची कळी

भोकरदनच्या बसस्टँडमागं आसिफाचं घर. पुढच्या खोलीतच तिचं भरतकाम चालायचं. लग्नसराईत तिला मान वर करायला फुरसत नसायची. अशाच एका दुपारी केदारखेड्याच्या नंदाबाई पिवळी साडी घेऊन आल्या. सोबत त्यांच्या सासूबाईंच्या काळचं बायकांचं मासिक होतं. मधल्या पानावर भरतकामासाठी गोकर्णाची वेल छापलेली. पानांच्या शिरा, फुलाचा गळा, सगळं झाडासमोर बसून उतरवल्यासारखं. रेघांवर टाचणीची बारीक भोकं होती. कुणीतरी पूर्वी कापडावर छापण्यासाठी त्याचा खाका केला होता.

"लेकीच्या हळदीला पदरावर हीच वेल पायजे," नंदाबाई म्हणाल्या. "फक्त टोकाची कळी सोडून दे."

आसिफानं पान उजेडात धरलं. कळीवर एकही भोक नव्हतं.

"माझी नणंद गोदा. सोताच्या हळदीच्या साडीवर हीच वेल भरून राह्यल्ती. हळदीच्या आदल्या दिवशी तापानं गेली. तेवढी कळी टोचायची अन् भरायची ऱ्हायली."

"बिलकुल सोडते, मावशी."

रॉकेलमध्ये नीळ कालवून आसिफानं पानावरून बोळा फिरवला. भोकांतून वेल कापडावर उमटली. भरताना तिच्या मनात येई, हे पान किती बायकांच्या हातून गेलं असेल, किती जणींचं काय काय अर्धं राहिलं असेल.

शेवटचं फूल झालं त्या संध्याकाळी सुई टोचून ती नमाजला उठली. घरात दुसरं कुणी नव्हतं. दाराला आतून कडी होती. परत आली तर खोलीत ओल्या हळदीचा वास दाटलेला... आणि वेलीच्या टोकाला कळी होती.

भरलेली. धागा निळाच, पण तिच्या रिळाचा नव्हे. वर्षानुवर्षं धुऊन विटल्यासारखा. तिनं पदर उलटा केला. प्रत्येक फुलामागं तिची गाठ होती. कळीमागं गाठच नव्हती. धागा कुठून सुरू झाला, कुठं संपला, कळेना.

तिनं कात्रीचं टोक टाक्याखाली घातलं. दाबायला हात धजेना.

सकाळी नंदाबाई आल्या. "मावशी... ही मी न्हाई भरली."

नंदाबाई बराच वेळ कळीवरून बोट फिरवत राहिल्या. "टाका तिचाच हाय..."

"उसवू का? जल्दी होईल."

"नको." त्यांचा आवाज ओला झाला होता. "आत्या हाय ती. भाचीच्या पदराला हात लावला, तर काय बिघडलं?"

साडी छातीशी धरून त्या गेल्या.

हळदीच्या दिवशी त्यांचा फोन आला. मागं बायकांची गाणी चालली होती.

"आसिफा, पदराला आतून काही लावलंस का?"

"न्हाई. का, मावशी?"

"लेक चालता चालता थांबून राह्यली. म्हणते, मागून कुणीतरी पदर धरलाय... मी बघितलं, मागं कुणी न्हाई." नंदाबाईंचा श्वास ऐकू येत होता. "पण पदर खाली पडंना, आसिफा... सरळ ताणलेला हाय."

मागची गाणी एकाएकी थांबली.