सहा टिंबं

त्या छोट्या थिएटरातल्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या, त्यामुळे एकाचा पाय हलला की अख्खी रांग हलायची. आणि तिच्या शेजारच्या माणसाचा पाय सिनेमा सुरू झाल्यापासून हलत होता.

अर्धा तास तिनं सोसलं. मग न राहवून ती कुजबुजली, "जरा पाय थांबवता का?"

"प्रयत्न करतो," तो तितक्याच हळू म्हणाला. "पण काय आहे… हा सिनेमा मी कापलाय."

म्हणजे हा संकलक. समीक्षकांसाठीच्या खेळाला सिनेमावाली माणसं सहसा मागच्या भिंतीला टेकून उभी राहतात; हा पठ्ठ्या सरळ पाचव्या रांगेत येऊन बसला होता. अंधारात तिला एक चष्मा दिसला आणि कपाळावर आलेले केस. तिनं वही जरा तिरकी धरली आणि पुन्हा पडद्याकडे बघायला लागली. पण आता लक्ष लागेना. दृश्य बदललं की शेजारी कुणीतरी श्वास रोखून धरत होतं.

ती एका दैनिकाच्या शुक्रवारच्या पुरवणीत सिनेमाची परीक्षणं लिहायची. कचेरीत तिला सगळे 'साडेतीन' म्हणत, कारण पाचपैकी साडेतीन ताऱ्यांच्या खाली तिचा हात कधी उतरलाच नव्हता. अलीकडच्या भुताच्या सिनेमात कुणालाच भीती वाटली नाही, तर तिनं दाराच्या करकरीचं कौतुक केलं. विनोदी सिनेमात हसू आलं नाही, तेव्हा गाणी श्रवणीय ठरली. युद्धावरच्या सिनेमात गाणीही नव्हती, म्हणून वेशभूषा अभ्यासपूर्ण झाली. लबाडी म्हणाल तर ती नव्हती. दोनशे माणसं वर्षभर राबणार आणि आपण दोन ओळींत त्यांच्या कष्टांवर पाणी फिरवायचं, हे तिच्यानं होत नसे. तिची ताई म्हणायची, "तुला बिनसाखरेचं सरबत दिलं, तरी पेला किती सुंदर म्हणशील." हल्ली मात्र शुक्रवारी आपलंच छापून आलेलं वाचताना तिला जागेवर बसवत नसे. ती उठायची, खिडकी उघडायची, लावायची, परत उघडायची.

पुढच्या सोमवारी तो पुरवणीचं कात्रण घेऊन थेट तिच्या टेबलापाशी हजर झाला.

"'कथा कुठेही रेंगाळत नाही. संकलन नेटकं,'" त्यानं वाचून दाखवलं. "मग ती नऊ टिंबं कशाची?"

ती गारच पडली. "कुठली टिंबं?"

"तुमच्या वहीच्या समासातली. अंधार होता, पण मी काही आंधळा नव्हतो. नवव्या टिंबाला तर तुम्ही जांभईसुद्धा दिलीत."

चोरी पकडली गेली की माणूस एकतर चिडतो नाहीतर खरं बोलतो. तिला चिडायला जमत नसे. "ती माझी सवय आहे," ती पेनाचं टोपण काढत-घालत म्हणाली. "नजर पडद्यावरून हलली की एक टिंब काढायचं. का हलली, ते लिहीत नाही. कुणाला दाखवतही नाही."

"म्हणजे तुमचं खरं परीक्षण समासात असतं."

मग त्यानं मनातलं बोलून टाकलं. एक नवा सिनेमा त्याच्या हातात होता. आधीच्या सिनेमांबद्दल निर्माते म्हणत होते, की याला नजर आहे पण कापायला हात धजावत नाही. हाही लांबला, तर पुढचं काम मिळणार नव्हतं. "तुम्हाला वाईट म्हणवत नाही, मला कापवत नाही," तो म्हणाला. "मला तुमचं मत नको. ते मला पाठ आहे. टिंबं मिळतील का?"

त्या सिनेमाचं परीक्षण मी लिहिणार नाही, असं संपादकांना सांगून ती शनिवारी त्याच्या संकलनाच्या खोलीवर गेली.

खोली कसली, खोकंच ते. जाड पडदे, दोन खुर्च्या, एक मोठा पडदा आणि त्याखाली मिनिटं दाखवणारे आकडे. तिनं टिंब काढलं की शेजारी मिनिट लिहायचं, असं ठरलं. पहिल्या शनिवारी सगळं शिस्तीत झालं. टिंबं निघाली बारा. तो एकेक मिनिट उघडून बघायचा, मान हलवायचा, आणि तुकडा कापताना असा चेहरा करायचा, की तिला त्याचीच दया यायची.

"दुखतंय का?" तिनं विचारलं.

"मला नाही. सिनेमाला."

"मग फुंकर घाल."

हे 'घाल' तोंडातून कसं निसटलं, ते तिचं तिलाही कळलं नाही. त्यानं मात्र ऐकलं. त्यानंतर दोघांतल्या 'तुम्ही'ला कुणी परत बोलावलं नाही.

सिनेमात एक प्रसंग होता. मुलगी नोकरीसाठी परगावी निघून जाते, आणि दुसऱ्या दिवशी तिचा बाप अंगणात बसून तिच्या सायकलच्या चाकात हवा भरतो. आता ती सायकल कुणीच चालवणार नसतं. चार मिनिटं एक शब्दही नाही, फक्त पंपाचा आवाज. तो प्रसंग तिला फार भिडला, आणि आपल्यासारखाच आणखी कुणाला भिडतोय का म्हणून तिनं शेजारी पाहिलं. पडद्यावर बाप पंप दाबायचा, आणि त्याबरोबर याचे खांदे खाली-वर व्हायचे. त्याला पत्ताही नव्हता. नियम म्हणजे नियम… तिनं प्रामाणिकपणे एक टिंब काढलं.

दुसऱ्या शनिवारी त्याच ठिकाणी तीन टिंबं आली. तिसऱ्या शनिवारी सहा.

मधले आठवडे तिनं कसे काढले, ते तिलाच ठाऊक. बुधवारपासूनच तिला शनिवारचे वेध लागायचे. फोन उचलायची, ठेवायची. ताईकडे जायची आणि चप्पल न काढताच निघते म्हणायची. "तुझ्या पायाला भिंगरी लागलीय का गं?" ताईनं विचारलं. तिला ते खरं तर सांगायचं होतं, पण काय सांगणार? एक माणूस सिनेमा बघताना छान दिसतो, हे काय सांगण्यासारखं कारण आहे?

चौथ्या शनिवारी सकाळी त्यानं तिला पुरा झालेला सिनेमा दाखवायला बोलावलं. त्याच दिवशी पाच वाजता तो निर्मात्यांकडे पाठवायचा होता. त्यानंतर कुणालाच काही बदलता येणार नव्हतं.

मुलगी बसमध्ये चढली, बस निघाली… आणि एकदम दुसऱ्या शहरातली कचेरी आली. बाप नाही, सायकल नाही, पंप नाही.

"तो… हवा भरण्याचा प्रसंग?" तिनं विचारलं.

"काढला." त्यानं चष्मा पुसायला घेतला. "आधी एक टिंब, मग तीन, मग सहा. म्हटलं, हा प्रसंग पुन्हा पाहिला की विरत जातोय. तीन दिवस त्याच्याशी भांडलो. दिग्दर्शिकाबाई तर रडकुंडीला आल्या होत्या, त्यांनाही मीच पटवलं. म्हटलं, जी बाई सगळ्यांना साडेतीन देते, तिचंही जिथं लक्ष उडतं, तिथं आपण काय हट्ट धरायचा?" मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. "बरोबर केलं ना?"

खरं सांगायची तीच वेळ होती. पण वर्षानुवर्षांची सवय जिभेवर तयारच बसलेली असते. ती म्हणाली, "छान झालाय."

ती जिना उतरून रस्त्यावर आली. एक चौक चालली, परत फिरली, पुन्हा वळली. कचेरीत जाऊन दुसऱ्याच एका सिनेमाचं परीक्षण लिहायला बसली, आणि 'संकलन' या शब्दापाशी अडून पडली. पुढचा शब्द तिच्या हातानं लिहवेना. आपल्या तोंडातल्या दोन गोड शब्दांनी आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आज एका माणसाचा सगळ्यात चांगला तुकडा कचऱ्यात गेला होता, तोही तिच्यावर विश्वास ठेवून. तिनं ताईला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"म्हणजे तुला तो आवडतो, हे सांगायला नको म्हणून तू त्याचा सिनेमा बुडू देणार?" ताई म्हणाली.

"तसं नाही गं…"

"मग कसं?"

तिनं फोन ठेवला आणि ती उठली. चार जिने चढून खोलीत पोचली, तेव्हा घड्याळात तीन वाजून गेले होते आणि तिला धाप लागली होती.

"तो प्रसंग परत घाल," ती दारातूनच म्हणाली.

"काय?"

"सिनेमातला सगळ्यात चांगला प्रसंग आहे तो."

"सहा टिंबं होती तिथं."

"नजर हलली म्हणून टिंबं. का हलली, ते मी लिहीत नाही… सांगितलं होतं ना." तिनं भिंतीकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग नाइलाजानं त्याच्याकडे. "तुझ्याकडे बघत होते. बाप पंप दाबतो ना, तेव्हा तुझे खांदे हलतात. मला ते बघायला आवडतं. मला… तू आवडतोस. आता चिड, पण आधी प्रसंग घाल."

तो चिडलाही. "तीन दिवस मी धड जेवलो नाही," तो म्हणाला. मग उठला, बसला, पुन्हा उठला. शेवटी त्यानं माउस हातात घेतला. "शेवटच्या वेळी एकूण टिंबं किती?"

"एकवीस."

"त्यातली सिनेमाची किती?"

तिनं वही उघडून मोजली. "चार."

"ती चार सांग. बाकीची माझी मी ठेवतो."

बाजूला काढलेला तुकडा सापडला, जागेवर बसला. पण दिग्दर्शिकाबाईंना कळवणं भाग होतं. त्यानं फोन लावला. "बाई, हवेचा प्रसंग परत घालतोय… हो, मीच काढायला लावला होता… नाही, समीक्षकांची चूक झाली. त्या सिनेमा बघतच नव्हत्या." तो अडखळला. "मला बघत होत्या."

फोनमधलं हसू तिला खुर्चीपर्यंत ऐकू आलं. तिचे कान तापले.

पाचला दहा मिनिटं कमी असताना सिनेमा गेला. पडदा काळा झाला, आणि खोलीत एकाएकी करण्यासारखं काही उरलं नाही. त्यानं वायर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"मलाही एक सांगायचंय," तो वायरीकडे बघत म्हणाला. "मागच्या शनिवारी मी काहीच बदललेलं नव्हतं. त्याच्या आधीच्या शनिवारी दाखवला, तोच सिनेमा पुन्हा लावला होता. तू म्हणालीस, आता किती आटोपशीर झालाय."

तिला आठवलं. किती ठामपणे म्हणाली होती ती. "मग बोलावलंस कशाला?"

"काम संपलं म्हटलं असतं, तर तू यायची थांबली असतीस."

तिला हसू आलं, आणि ते आवरेना. तोही हसायला लागला, पहिल्यांदाच, पडद्यावर काही चालू नसताना.

"पुढच्या शनिवारी काय दाखवणार?" तिनं विचारलं.

"काहीच नाही. सिनेमा संपला."

"बरं," ती म्हणाली. "अकराला येते."