खालचा बोल्ट

सरका जवळ. आणि तो मोबाइल पालथा ठेव बघू, तोंडावर उजेड पडला की मला सांगायला सुचत नाही. मध्येच कुणी फिदीफिदी हसलं तर मी उठून झोपायला जाईन, आधीच सांगून ठेवतो.

ही माझ्या मित्राची हकीकत आहे. गॅरेज होतं त्याचं. आम्ही त्याला फौजदार म्हणायचो, कारण बिघडलेल्या गाडीशी तो आरोपीशी बोलावं तसा बोलायचा. बोनेट उघडलं की आधी शिव्या, मग पाना. भुताचं नाव काढलं तर अंगावर यायचा. पण एक खोड होती. फॉल्ट सापडला नाही की त्याला झोप म्हणून लागायची नाही. वहिनी म्हणायच्या, ह्यांना मरण आलं तरी आधी ते कशानं आलं हेच शोधत बसतील.

त्याची एकुलती एक पोर नर्स झाली आणि घाटाखालच्या दवाखान्यात तिला नोकरी लागली. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं, नाही तर जागा दुसरीला. ह्यानं तिच्यासाठी एक जुनी गाडी घेऊन ठेवली होती, पण तिचं इंजिन जाम झालेलं. मी तेव्हा टेम्पो चालवायचो. गुरुवारी दुपारी आम्ही दोघं भंगारवाल्याकडे गेलो, एका ठोकलेल्या गाडीचं इंजिन पसंत केलं, टेम्पोत टाकलं आणि वाटेत चहा घेऊन परत आलो. इतकं साधं काम.

आता टायमिंग म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगतो, नाही तर पुढचं डोक्यावरून जाईल. इंजिनात खाली क्रँक फिरतो, वर कॅमशाफ्ट. दोघांना एका दातेरी पट्ट्यानं बांधलेलं असतं, म्हणजे दोघं एका तालात चालतात. पट्टा एक दात जरी सरकला तरी ताल चुकतो, गाडी धड चालू होत नाही. पट्टा बसवल्यावर मेस्त्री खालच्या मोठ्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं फिरवून बघतो. पण नेहमी सुलट. उलटं फिरवलं की पट्टा सैल पडतो आणि दात चुकतो. एवढं लक्षात असू द्या.

शुक्रवारी रात्री त्यानं इंजिन बसवलं, खुणेला खूण जुळवली, गाडी चालू केली. छान चालली. शटर लावून घरी गेला. शनिवारी सकाळी स्टार्टर मारला तर नुसती खोकते. उघडून बघतो, पट्टा एक दात मागे! आणि भिंतीला टांगलेला लांब दांड्याचा पाना खालच्या बोल्टला लावलेला. मी म्हटलं, लेका, म्हातारा झालास, विसरलास काढायला. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पट्टा नवा आणला, तो ताणून धरणारी पुली नवी आणली, पुन्हा सगळं जुळवलं आणि शटरला दुसरं कुलूप लावलं.

रविवारी सकाळी पट्टा पुन्हा एक दात मागे. पाना पुन्हा बोल्टला.

आता मात्र त्याचा जीव टांगणीला लागला. पोरीची बॅग भरून दारात ठेवलेली. पहाटे पाचला तिला निघायचं होतं. तो म्हणाला, आज मी गॅरेजातच बसतो, कोण येतंय ते बघतोच. मी सोबतीला येतो म्हटलं तर मलाच हाकललं.

डिसेंबरातला दुसरा रविवार होता तो. पुढचं त्यानं मला जसं सांगितलं तसंच सांगतो.

रात्री एक वाजून गेला होता. गाडी जॅकवर, पुढचं एक चाक काढलेलं, कारण तो बोल्ट चाकाच्या आतल्या बाजूला असतो. टायमिंग त्यानं तिसऱ्यांदा जुळवलं होतं. पाना बोल्टवरच ठेवून तो स्टुलावर बसला. शटर आतून बंद. दिवा चालू. थंडी मरणाची.

डोळा लागला नव्हता, हे तो शपथेवर सांगायचा.

पाना हलला.

हळूच... उलट्या बाजूला. दोन बोटं सरकला असेल. थांबला. पुन्हा सरकला.

फौजदार उठला. बोबडी वळलेली, पण हात मेस्त्रीचा. त्यानं पाना घट्ट धरला आणि सुलट ओढला. पलीकडून ओढ आली. हिसका नाही. राग नाही. कामाचा माणूस लावतो तसा जोर... मग क्षणभर दम... मग पुन्हा जोर.

त्याच्या हातावर गार हात नव्हता की काही दिसत नव्हतं. फक्त ओढ. आणि जळक्या ऑइलचा वास.

तो रडकुंडीला आला. म्हणाला, "माझी पोर सकाळी ह्या गाडीतून घाट उतरणार आहे. तिला जाऊ दे रे बाबा."

ओढ थांबली.

मग आली. आधीपेक्षा जोरात. उलटीच.

आणि त्या भीतीतही त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उलटी बाजू म्हणजे बोल्ट खोलायची बाजू. हा जो कोण आहे तो इंजिन उलटं फिरवतच नाहीये. हा बोल्ट खोलतोय. पण बोल्ट घट्ट, म्हणून त्याच्याबरोबर अख्खं इंजिन फिरतंय आणि पट्टा चुकतोय. हा बोल्ट खोलायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं पाना मारायचा.

ब्रेक दाबायला त्या ओढणाऱ्याकडे कुणी नव्हतं.

फौजदारानं पाना सोडला. दार उघडून आत बसला. टॉप गिअर टाकला. ब्रेक दाबला. मागची भिंत ब्रेकच्या दिव्यानं लाल झाली. तिथून त्याला चाक दिसत नव्हतं. तो समोर काचेकडे बघत बसला... पाय ब्रेकवरून उचलला नाही.

काहीच नाही.

काहीच नाही...

कट्ट!

बोल्ट सुटला.

त्यानं ब्रेक सोडला. मग उतरला. पट्टा जिच्यावर चढवतात ती खालची पुली बाहेर काढली. ही पुली क्रँकवर फिरू नये म्हणून खाचेत लोखंडाचा एक छोटा तुकडा बसवलेला असतो. बोटाच्या पेराएवढा. तो तुटत आलेला होता, केसाएवढा धागा उरलेला. पट्टा बघितला, वरची खूण बघितली, पण इथपर्यंत तो गेलाच नव्हता. कुणीच जात नाही. घाटाच्या उतारावर तो तुकडा जरा सरकला किंवा तुटला असता तर ताल चुकून इंजिन बंद पडलं असतं, ब्रेक दगडासारखा कडक झाला असता आणि पोर...

त्यानं नवा तुकडा बसवला. नवा बोल्ट लावला. पट्टा जुळवला. आता बोल्ट आवळायचा, तर पुन्हा आत माणूस हवा. पोरीला उठवून आणावं का, असा विचार करत तो पाना धरून बसला होता.

आत ब्रेकचं पेडल करकरलं.

मागची भिंत लाल झाली.

त्यानं वर बघितलं नाही. मान खाली घालून बोल्ट आवळला... पुरता आवळला. "झालं," एवढंच म्हणाला.

भिंत काळी झाली.

पहाटे पोर निघाली. आठच्या आधी पोचल्याचा फोन आला आणि तेव्हा कुठे हा माणूस माझ्यासमोर ओक्साबोक्शी रडला. मग त्यानं मला सगळं सांगितलं. मी टेम्पो काढून थेट भंगारवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, ती ठोकलेली गाडी गिऱ्हाइकाची होती, चालवणारा मेस्त्री होता. एकटाच गॅरेज चालवायचा. दुरुस्त करून ट्रायलला निघाला, उतारावर इंजिन बंद पडलं, गाडी ठोकली आणि तो जागीच गेला. इंजिन कशानं बंद पडलं, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. मी त्या गाडीचा सांगाडा बघितला. राहिलेल्या प्रत्येक बोल्टावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ होती. बोल्ट नीट आवळला की काही मेस्त्री अशी खूण करतात. आमचा फौजदार कधीच करायचा नाही, पिवळा रंग त्याच्या गॅरेजात नव्हताच.

पोरीनं ती गाडी अकरा वर्षं चालवली. एकदा बंद पडली नाही. मग तिनं नवी घेतली आणि जुनी मला दिली. हो, तीच. मघाशी तुम्हाला स्टँडवरून घेऊन आलो ना, तीच.

गेल्या महिन्यात मी टायर बदलायला पुढचं चाक काढलं. आत टॉर्च मारला. खालच्या बोल्टावर पिवळी रेघ होती. जुनी असेल, वाळून खडखडीत झाली असेल, म्हणून सहज बोट लावलं.

बोटाला पिवळं लागलं.