लाल गाडीचे मेलेले शॉकअप

"मला माझ्या सख्ख्या भावाविरुद्ध पोलिसात जायचं आहे," पाहुणा म्हणाला, आणि काखेतला लांबुळका खोका त्याने वहिनींच्या जेवणाच्या टेबलावर धाडकन आपटला.

भाऊजींनी आपला कप वेळीच उचलला. त्यांचं चष्म्याचं दुकान दुपारी बंद असे आणि दुपारचा चहा ते वहिनींकडे घेत. मोठा भाऊ गेल्यापासून हा नेम चुकला नव्हता. वहिनींनी उभी हयात विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर त्या लोकांच्या खासगी भानगडी सोडवू लागल्या आणि भाऊजी त्यांच्याबरोबर फिरू लागले. आपला नेमका उपयोग काय, असं त्यांनी एकदा विचारलंही होतं. "तुम्ही चुकीचं ते इतक्या मनापासून बोलता, की बरोबर काय ते मला चटकन दिसतं," असं उत्तर मिळालं. भाऊजींनी ते कौतुक म्हणून घेतलं.

पाहुणा साठीचा, काठीसारखा ताठ होता. जन्मभर मुलांना पोहायला शिकवलेलं, त्यामुळे साधं बोलणंही तलावाच्या पलीकडच्या काठाला ऐकू जावं असं. गावात आणि घरात सगळे त्याला कप्तान म्हणत.

"आमच्या वडिलांची लाल स्पोर्ट्स गाडी आहे," कप्तान म्हणाले. "दोनच सीटची. मी आणि धाकटा, आम्ही दोघांनी मिळून ती जपली. आता तिचे हादरे झेलणारे शॉकअप गेलेत. नाक दाबलं की बोटीसारखी हेलकावते, ब्रेक मारला की तोंडावर पडायला बघते. म्हणून पुढच्या चाकांचे दोन जाड शॉकअप, म्हणजे स्ट्रट, आणि मागचे दोन साधे, असा नवा संच घेतला. परवडेल असा. मिस्त्रीला सवड नव्हती, म्हणून खोका जिन्याखालच्या खोलीत ठेवून दिला. काल काढून बघतो तर सगळे मेलेले."

"मेलेले म्हणजे?" भाऊजींनी विचारलं.

"दुकानात मी स्वतः दाबून बघितला होता. दाबायला घट्ट आणि सोडला की आपला आपण वर. आणि हे बघा." कप्तानांनी खोक्यातून एक स्ट्रट काढून टेबलावर टेकवला आणि दांडा दाबला. निम्मा दांडा सरबत ढवळावं तसा सहज आत गेला, मग कुठे अडला. सोडला तरी तिथेच राहिला. "माझे नवे काढून कुणाचे तरी टाकाऊ घातलेत. खोलीच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, दुसरी धाकट्याकडे."

"त्याला विचारलंत?"

"विचारलं. म्हणाला, हो, खोका मी उघडला. का, ते सांगत नाही. मी म्हटलं, चोर आहेस तू. वस्तू आणून दे, नाहीतर माझ्या दारात उभा राहू नकोस." कप्तानांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आज संध्याकाळपर्यंत वाट बघणार आणि मग चौकीत जाणार. वडिलांच्या गाडीला दगा देणारा माझा भाऊ नाही."

वहिनींनी खोका फिरवून पाहिला. दुकानाची पारदर्शक टेप कापलेली होती आणि तिच्यावरून कापडी पट्टी चिकटवली होती. ती इतकी सरळ, जणू कडेला फूटपट्टी धरून लावलेली. बाजूला वरच्या दिशेचा मोठा बाण छापलेला होता.

"काल खोका कसा होता? उभा?"

"मी कोपऱ्यात उभा केला होता. काल खाली आडवा पडलेला. बघा, चोराची घाई."

"आत सगळं आहे?"

"मोजून. चार नग आणि या पिशवीत स्ट्रटच्या वर बसणाऱ्या दोन माउंटिंग." जाड रबराच्या दोन कोऱ्या चकत्या कप्तानांनी दाखवल्या. "माल बदललाय, कमी नाही केला."

वहिनींनी एका स्ट्रटचं खालचं टोक भाऊजींच्या चष्म्यासमोर धरलं. "इथे गाडीचा बोल्ट बसतो. काय दिसतं?"

"काहीच नाही. काळा रंग."

"ओरखडा?"

"छे. चकचकीत आहे."

"छान," वहिनी म्हणाल्या, आणि चपला घालायला उठल्या. काय छान, ते भाऊजींना कळलं नाही. इथून त्यांचा गोंधळ सुरू झाला तो संध्याकाळपर्यंत वाढतच गेला.

*

सुट्या भागांच्या दुकानात तेलाचा आणि पुठ्ठ्याचा वास कोंडला होता. दुकानदार गोलमटोल आणि बोलका होता. काउंटरवर एक शॉकअप उभा बांधून ठेवला होता. वहिनींनी दांडा दाबून सोडला. तो सावकाश आपणहून वर आला.

"गिऱ्हाईक आलं की हाच दाबतं," दुकानदार म्हणाला. "कप्तानांनीही दाबला. हा गॅसचा. त्यांनी घेतले ते तेलाचे."

"का?"

"त्यांना परवडतील असे हवे होते. मी तीन तऱ्हा सांगितल्या. एक शर्यतवाल्यांचे, खिसा आणि कंबर दोन्ही मोडणारे. दुसरे गॅसचे. तिसरे तेलाचे, गॅसच्या जवळजवळ निम्म्यात. ती गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तेलाच्याच शॉकअपवर निघाली होती. चालवणारा साठीचा, जायचं बाजारापर्यंत आणि परत. मीच म्हटलं, तेलाचे घ्या. चांगली निवड केली त्यांनी." मग तो जरा कुरकुरला. "फक्त वरच्या माउंटिंगवर अडून बसले. त्या वेगळ्या घ्याव्या लागतात. म्हटलं, बरोबरच बदला, नाहीतर नवे स्ट्रटही खडखडतील. पण म्हणाले, जुन्या चालतील. त्यांच्याशी कोण वाद घालणार?"

बाहेर आल्यावर भाऊजी दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, माणूस हाच. दाखवला एक, दिला दुसरा. सरळ लबाडी."

"त्याने ते आपणहून सांगितलं, भाऊजी."

"तीच तर चलाखी," भाऊजी म्हणाले, पण त्यांचं त्यांनाच पटलं नाही.

मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये ती लाल गाडी उभी होती. वयाने रंग जरा फिका पडला होता, तरी तिच्या बसक्या ऐटीत काही उणं नव्हतं. वहिनींनी गाडीच्या नाकावर हात टेकून दाब दिला. गाडी खाली गेली, वर आली आणि हलतच राहिली.

मिस्त्री तिच्याखालून सरपटत बाहेर आला. कप्तानांचं नाव काढताच त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काल फोन केला आणि माझ्यावर ओरडले. म्हणे सगळे मेलेले आहेत. मी एवढंच विचारलं, कुठे ठेवले होते, कसे ठेवले होते? तर म्हणाले, तुला काय करायचंय, तूही त्यातलाच. म्हटलं घेऊन या, बघतो. तर म्हणाले पुराव्याला हात लावू देणार नाही. घ्या आता."

"माउंटिंगचं काय?" वहिनींनी विचारलं.

"त्या फाटल्यात. दोघं भाऊ इथेच उभे होते तेव्हा दाखवल्या. मोठे म्हणाले, रबर आहे, चालेल. धाकटे म्हणाले, दादा, एवढ्यासाठी हात आखडू नकोस, नाहीतर गाडी विकून टाक. त्यावरून जुंपली दोघांची."

भाऊजींनी कान टवकारले. धाकट्याला गाडी विकायची होती तर. दुकानदार सुटला, मिस्त्री सुटला, आता एकच उरला. प्रकरण संपल्यासारखं त्यांना वाटलं, आणि थोडं वाईटही.

*

धाकटा भाऊ बाइंडर होता, पुस्तकबांधणी करायचा. त्याची खोली अरुंद होती आणि खळीच्या वासाने भरलेली. बारीक पुस्तकं फळीवर उभी होती. कायद्याचे आणि हिशेबाचे जाडजूड ग्रंथ मात्र एकावर एक आडवे निजवलेले. भाऊजींनी पाय ठेवायला जागा व्हावी म्हणून त्यातला एक उचलला आणि भिंतीला उभा टेकवला. बाइंडर काम टाकून आला, काही न बोलता त्याने तो पुन्हा आडवा ठेवला.

"जड पुस्तक उभं ठेवलं की स्वतःच्या वजनाने पाठ सोडतं," तो म्हणाला. "सवय आहे. राग मानू नका."

टेबलावर कापडी पट्टीची गुंडाळी होती. वहिनींनी तिच्याकडे बोट केलं. "खोका याने बंद केलात."

"हो. उघडला मी, बंद केला मी. त्यातलं मी काही घेतलं नाही. पुढचं विचारू नका."

"तुमचे भाऊ संध्याकाळी चौकीत जाणार आहेत."

बाइंडरचा हात खळीच्या भांड्यावर थांबला. "जाऊ दे. ज्याला मी चोर वाटलो, त्याच्यापुढे पुरावे मांडून भाऊ व्हायचं का मी?" एवढं बोलून त्याने पाठ फिरवली. ती पाठ कप्तानांसारखीच ताठ होती.

रस्त्यावर आल्यावर भाऊजी म्हणाले, "कबूल केलं त्याने. पण घेतलं नाही म्हणतो. मग उघडला कशाला? आणि पाठ का फिरवली? वहिनी, माझ्या डोक्याचा भुगा झालाय."

"कप्तानांना खोका घेऊन गॅरेजवर बोलवा," वहिनी म्हणाल्या. "भुगा तिथे गोळा करू."

*

उन्हं उतरायच्या आत सगळे जमले. कप्तान खोका छातीशी धरून उभे होते. मिस्त्री हात पुसत होता.

"आधी एक सांगा," वहिनी म्हणाल्या. "हे टाकाऊ असतील, तर कधीतरी कुठल्यातरी गाडीला लागलेले असणार. बोल्ट आवळला की कडेचा रंग उडतोच. भाऊजींनी बघितलं, साधा ओरखडा नाही. हे कधी कुठल्या गाडीला लागलेच नाहीत. नवे आहेत. तुमचेच आहेत."

"मग वर का येत नाहीत?" कप्तान म्हणाले. "दुकानात येत होता."

"दुकानात तुम्ही दाबलात तो गॅसचा. घेतलेत तेलाचे. तेलाचा आपणहून वर येत नसतो, तो दोष नव्हे."

"आणि तो निम्मा दांडा रिकामा जातो, ते?"

वहिनींनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने स्ट्रट हातात घेतला, दांडा वर धरून पूर्ण ओढला, मग उलटा करून सावकाश पूर्ण दाबला. पुन्हा सरळ केला, ओढला, उलटा केला, दाबला. आतून गुरगुर ऐकू आली आणि हळूहळू थांबली. मग त्याने स्ट्रट कप्तानांच्या हातात दिला.

कप्तानांनी दाबला. दांडा पहिल्यापासून जड गेला. त्यांनी पुन्हा दाबला. चेहऱ्यावरचा राग कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

"आडवे ठेवले की हवा नको तिथे शिरते," मिस्त्री म्हणाला. "म्हणून तर विचारत होतो, कसे ठेवले होते."

"खोक्यावर बाण आहे," कप्तान म्हणाले. "मी उभा ठेवला होता. आडवा पाडला त्याने."

"पाडला नाही, निजवला. तो बाइंडर आहे. जड वस्तू उभी राहिली की तिचं नुकसान होतं, हे त्याच्या हाडात मुरलंय. काळजीपोटी निजवला."

"पण उघडला कशाला?" हा प्रश्न भाऊजींचा होता. ते अगदी केविलवाणे दिसत होते.

"तुम्ही सगळे, काय गेलं ते शोधत बसलात." वहिनींनी खोक्यातून ती पिशवी काढली आणि दोन कोऱ्या माउंटिंग गाडीच्या बॉनेटवर ठेवल्या. "कप्तान, या तुम्ही विकत घेतल्यात?"

"संचाबरोबर आल्या असतील."

"संचाबरोबर येत नाहीत. दुकानदाराने आग्रह केला, तुम्ही नाही म्हणालात. इथे मिस्त्रीने सांगितलं, भावाने सांगितलं, तरी नाही म्हणालात. तरीही त्या खोक्यात आहेत. त्या खोलीची दुसरी किल्ली कुणाकडे आहे?"

कप्तानांचा हात खिशातल्या आपल्या किल्लीवर गेला.

"तोंडावर दिल्या असत्या तर तुम्ही घेतल्या नसत्या," वहिनी म्हणाल्या. "म्हणून खोक्यात ठेवून गेला. संचातच आल्या असं तुम्हाला वाटावं, म्हणजे तुमचा शब्दही राहील आणि गाडीही. आणि तुम्ही त्याला चोर म्हणालात."

कप्तानांनी एक माउंटिंग उचलली आणि कितीतरी वेळ हातात फिरवत राहिले. मग पिशवी घेऊन ते चालू लागले. वहिनी आणि भाऊजी मागून गेले, कारण बावरलेले कप्तान ओळखीचं वळणही चुकत होते.

बाइंडरने दार उघडलं. कप्तानांनी पिशवी पुढे केली.

"मी तुला चोर म्हणालो."

"म्हणालास."

"चुकलो. मोठा असून चुकलो." त्यांचा तलावापार जाणारा आवाज आता दारापुरताच उरला होता. "मिस्त्री थांबलाय. तू आल्याशिवाय मी त्याला हात लावू देणार नाही."

बाइंडरने पिशवीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि हात धुवायला आत गेला. आतूनच म्हणाला, "खोका उभाच ठेवायचा होता का रे?"

"बाण होता त्याच्यावर."

"मी बघितला. मला वाटलं, छापताना चुकले."

कप्तान हसायला गेले आणि त्यांना रडू आलं.

*

नवे शॉकअप बसले. दोघं भाऊ लाल गाडीत बसून गतिरोधकावरून गेले. गाडी एकदा वाकली आणि लगेच सावरली. भाऊजी बघत उभे राहिले.

"वहिनी, आमच्या दादाने कधी माझ्यासाठी असं काही गुपचूप केलं असेल का हो? मला तर काही आठवत नाही. माझं दुकान मी माझ्या हिमतीवर उभं केलं. पहिल्याच वर्षी त्याच्या ऑफिसातले निम्मे लोक माझ्याकडून चष्मे घेऊन गेले. बिननंबराचेसुद्धा."

वहिनी चालू लागल्या.

भाऊजी चार पावलं चालले आणि थांबले.

"बिननंबराचे चष्मे," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी आपला चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत रस्त्यातच उभे राहिले.

"चला," वहिनी म्हणाल्या. "चहा राहिलाय."