पांढऱ्या लेबलाची टेप

पेणच्या रामवाडीत हेमांगी दातार मुलांना कॉम्प्युटर शिकवत होती, तेव्हा रोह्याहून फौजदार दत्तात्रेय म्हात्र्यांचा फोन आला.

"बाई, ताबडतोब या. कंपनीतल्या कॉम्प्युटरवाल्या पोराला आत घेतलंय. तो म्हणतो, मी काय नाय केलं. आमच्या ठाण्यात त्या यंत्रातलं कळणारं कुणी नाय."

सत्त्याण्णव साली तसं कुणी कुठल्या ठाण्यात होतं म्हणा! हेमांगी मिळेल त्या एसटीनं निघाली.

रोह्याच्या एका रसायन कंपनीत जानेवारीत काळुराम नावाचा कामगार वायू गळून मेला होता. कंपनी म्हणत होती, आधी गळती नव्हतीच, त्यानंच भलता व्हॉल्व्ह उघडला. शेडमधला वायू मोजून आकडे कॉम्प्युटरवर जात. जुने आकडे मिळाले असते तर खरंखोटं झालं असतं. पण अपघातानंतर कॉम्प्युटरची डिस्क बंद पडली आणि बॅकअपच्या टेपेवर जुनं काहीच उरलेलं नव्हतं. ते कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या निकेशनं मुद्दाम पुसलं, अशी सुरक्षा अधिकारी विष्णु पोंक्ष्यांची तक्रार होती.

ठाण्याच्या बाकावर काळुरामची बायको पुतळी बसली होती. जन्म मिठागरात गेलेली बाई, आता रोह्याजवळच्या वरसे गावात राहायची.

"मेला त्यो परत येत नाय," ती म्हणाली. "पन माजा निलेश बापाच्या जागंवर त्याच शेडमदी लागलाय. आकडं गावलं तर शेड बंद व्हईल. तेवडं बग गो बाय."

हेमांगी आधी कंपनीत गेली. पोंक्ष्यांनी टेपांचं कपाट उघडलं.

"सगळा डेटा सारखा नसतो, मॅडम. महत्त्वाचा तो लाल लेबलाचा. त्या टेपा वर्षानुवर्षं जपतो. कामचलाऊ तो पांढरा. त्या टेपेवर दर आठवड्याला नवं चढतं, जुनं जातं. ही वर्गवारी मी ठरवतो."

"वायूचे आकडे कशात?"

"अपघातापर्यंत लालच. ही बघा ती टेप, गेल्या उन्हाळ्यापासूनची." लेबल पांढरं होतं, पण खालून लाल कड डोकावत होती. "निकेशनं अपघातानंतर वर पांढरं चिकटवलं आणि टेप दर आठवड्याच्या फेऱ्यात टाकली."

कपाटातल्या प्रत्येक लाल लेबलावर मात्र एक वाळका पिवळा डाग होता.

"हे काय?"

"खंडेनवमी," पोंक्षे कौतुकानं म्हणाले. "यंत्रांची पूजा होते, तेव्हा लाल टेपाही मांडतो. मी स्वतः एकेकीला हळदीचं बोट लावतो. एकही सुटत नाही."

"आणि पांढऱ्यांना?"

"त्या मशीनमध्ये फिरत असतात. त्यांना कोण पूजतंय?"

हेमांगीनं ती टेप मागून घेतली आणि ठाण्यात परतली. निकेशची पाचावर धारण बसली होती.

"लेबल तू बदललंस?"

"नाय मॅडम. मी लागलो तवापासून ती पांढरीच हाय."

"कधी लागलास?"

"दिवाळी झाल्यावर."

"त्याआधी कपाटाची किल्ली?"

"पोंक्षेसाहेबांकडं. माज्याआदी मानूसच नव्हता."

फौजदारांनी पोंक्ष्यांना बोलावून घेतलं. हेमांगीनं टेप चहाच्या किटलीच्या वाफेवर धरली आणि पांढरं लेबल अलगद सोडवलं. खालच्या लाल लेबलावर पिवळा डाग नव्हता.

"खंडेनवमीला ही टेप लाल असती, तर हिला हळद लागली असती," ती म्हणाली. "एकही सुटत नाही, हे साहेबांचेच शब्द. म्हणजे पांढरं लेबल त्याच्या आधीच लागलं. तेव्हा निकेश नोकरीलाच नव्हता. किल्ली यांच्याकडे होती आणि वर्गवारीही हेच ठरवत होते."

"पण अपघात जानेवारीतला," फौजदार म्हणाले. "आधीच कशाला लपवतील?"

"कारण गळती आधीपासून होती आणि आकडे वाढत होते. यांनी पुरावा मागाहून पुसला नाही, साहेब. तो आठवडाभराच्या वर टिकूच नये, अशी सोय करून ठेवली. डिस्क आपल्या मरणानं गेली. मग चौकशी आल्यावर चोराच्या उलट्या बोंबा."

पोंक्ष्यांनी चष्मा काढून पुसला.

"आकडे जपले असते तर शेड बंद करावी लागली असती," ते म्हणाले. "मला वाटलं, दुरुस्तीपर्यंत निभावेल. पण फौजदार, वर्गवारी बदलणं हा गुन्हा नाही. तो माझा अधिकार आहे. आणि पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही."

फौजदारांनी हेमांगीकडे पाहिलं. "खोट्या तक्रारीचं कलम लागेल. गळतीचं काय? आकडे परत येतील?"

"नाही. त्यावर पुन्हा पुन्हा नवं चढलंय."

खरं शोधून काढल्याचा तिला जरासुद्धा आनंद झाला नाही. उलट स्वतःच्या हुशारीची लाज वाटली.

निकेशला सोडलं. पुतळी अजून वाट पाहत होती.

"मंग शेड?" तिनं विचारलं.

"चालूच राहील, मावशी," निकेश म्हणाला. "पुरावा नाय ना. नव्या डिस्कचं आकडंबी पांढऱ्यातच जातात."

पुतळीनं मान हलवली आणि पिशवी उचलली. निलेशची दुसरी पाळी होती, आणि त्याचा डबा फाटकावर पोचवायचा राहिला होता.